पंजा की बोट

"बोट दाखवायचं तर जपून दाखवावं, बोटाच्या टोकाला कायम काहीतरी टांगलेलं असतं," असं भावोजी एकदा माझ्या भाचीला म्हणाले होते. ती तेव्हा लहान होती. गॅलरीत उभी राहून समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याकडे बोट करत होती. तिला वाटलं, बाबा शिस्त लावतायत. मलाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात ते आपल्या कामातली एक साधी गोष्ट सांगत होते.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बांधकामावर सिग्नलमन होते. उंच क्रेनच्या केबिनमध्ये जो बसतो त्याला खालचं सगळं दिसतंच असं नाही. कधी भिंत आड येते, कधी स्लॅब, कधी नुसतं ऊन. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हाताच्या खुणांनी सांगतो: उचल, सोड, थांब, फिरव. वर बसलेल्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या हातावर जास्त विश्वास ठेवायचा. वॉकीटॉकी असतो, पण काँक्रीटचा पंप सुरू झाला की शब्द अर्धामुर्धा पोचतो. हात पूर्ण पोचतो. त्या खुणांमध्ये एक खूण अशी आहे: हात खांद्यापासून सरळ बाजूला, आणि पहिलं बोट ताठ. म्हणजे, ओझं त्या दिशेला फिरव.

आपण दिवसभर जे सहज करतो तोच त्यांच्या भाषेत हुकूम होता. म्हणून भावोजींनी बोट दाखवणं सोडूनच दिलं होतं. कामावर नाही, घरी नाही, रस्त्यातही नाही. कुणी पत्ता विचारला की दोन्ही हात पाठीमागे घेऊन सांगायचे, "सरळ जा, औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळा." विचारणाऱ्याला वाटायचं, माणूस जरा तुसडा दिसतो. ताईने विचारलं, "अहो, माझा चष्मा बघितलात का?" तर समोर पडलेला चष्मा ते शब्दांत सांगायचे: "टेबल, डावा कोपरा, वर्तमानपत्राखाली."

"उचलून दिला तर हात झिजेल का?" ताई म्हणायची.

भाचीला चंद्र दाखवताना ते तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरायचे आणि तिचं तोंड हळूच वर वळवायचे. ती तशीच वाढली. शाळेत बाईंनी फळ्याजवळ बोलावून नकाशातली नदी दाखव म्हटलं, तर ही हात मागे बांधून उभी. म्हणाली, "वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघते आणि मध्ये येऊन वाकडी होते." बाईंनी ताईला भेटायला बोलावलं. ताई घरी येऊन भावोजींना म्हणाली, "एवढं लोखंडाचं धूड बोटावर नाचवता, आणि पोरीला साधी नदी दाखवता येत नाही."

भावोजी हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे.

क्रेनवर बसायची ती एक बाई होती. भावोजी तिला घार म्हणायचे, मग सगळी साइटच म्हणायला लागली. आधी ती साइटवरच्या ऑफिसात झाडलोट करायची, मग मजुरांची लिफ्ट चालवायला लागली, मग शिकून, परीक्षा देऊन वर गेली. ती पहिल्यांदा शिडी चढली त्या दिवशी खाली बरीच तोंडं वाकडी झाली होती. कुणी म्हणालं, आता आपणच हेल्मेटवर हेल्मेट घालू या. भावोजींनी काही भाषण केलं नाही. रोजच्यासारखा हात वर केला आणि काम सुरू केलं. घार मला पुढे कधीतरी म्हणाली, "काकांनी माझ्यासाठी हात जरासुद्धा हळू केला नाही. तेवढ्यानेच मी टिकले."

गंमत अशी, की रोज एकत्र काम करूनही दोघांची समोरासमोर गाठ क्वचित पडायची. ती सगळ्यांच्या आधी वर जायची, सगळ्यांनंतर उतरायची. तिला ते वरून ठाऊक होते: एक हेल्मेट, दोन खांदे, दोन हात. त्यांना ती काचेमागे हलणाऱ्या सावलीएवढी. पण त्यांना पडसं झालं की तिला हातावरून कळायचं. तिची मुलगी आजारी असली की ओझं खाली टेकताना त्यांना समजायचं. टेकवणं नेहमीपेक्षा जास्तच मऊ व्हायचं.

"संसार माझ्याशी, बोलणं तिच्याशी," ताई म्हणायची. "तिकडे दिवसभर हातवारे, आणि घरी आले की मुके."

एका सुट्टीच्या दिवशी ताईने मुद्दाम तिला चहाला बोलावलं. मी होतो तिथे. दोघं समोरासमोर बसले आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. मग ताईच्या हातातली किटली घेऊन ती चहा ओतायला लागली. भावोजींनी सवयीने पंजा उपडा करून आडवा हलवला, म्हणजे थांब. तिने अशी थांबवली किटली, की तोटीशी आलेला थेंबसुद्धा पडला नाही.

ताई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "लग्न झाल्यापासून मी बस म्हणतेय," ती म्हणाली, "माझं कुणी असं ऐकल्याचं आठवत नाही."

त्यावर सगळे हसले आणि मग बोलणं सुरू झालं.

ड्रोन आले ते आधी कौतुक म्हणूनच आले. भाचीने मोबाइलवर आमच्या भागाचा वरून घेतलेला व्हिडिओ दाखवला तेव्हा भावोजींनी तो दोनदा बघितला. एवढं आयुष्य उंचीच्या पायथ्याशी गेलं, पण वरून आपलं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपल्या टाकीचं झाकण उघडं आहे." आणि लगेच गच्चीवर जाऊन लावून आले. त्यांना त्या यंत्राचा राग नव्हता हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पुढे लोक म्हणाले, जुन्या माणसांना नवीन काही बघवत नाही. भावोजींना बघवत होतं. छान वाटत होतं.

मग ते साइटवर यायला लागले. अर्धवट उभी इमारत वरून चांगली दिसते म्हणे: उघड्या सळया, पिवळी क्रेन, मुंगीएवढी माणसं. कुठल्या तरी गच्चीवरून कुणीतरी उडवायचं. कुणी कधी गेटवर येऊन विचारलं नाही. एकदा एक ड्रोन सरळ घारीच्या केबिनसमोर येऊन थांबला आणि काचेतून तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हाताखाली त्या वेळी ओझं लटकत होतं. तिने नजर हलवली नाही.

संध्याकाळी खाली उतरल्यावर ती म्हणाली, "काका, खिडकीबाहेर डास असतो तसा होता. फक्त हा फोटो काढणारा डास."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? केस विंचरून वर गेले असते तर बरं झालं असतं."

ती हसली, पण भावोजी दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेले. मीही सोबत होतो. तिथला हवालदार चांगला होता, त्याने बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "काका, नियम आहेत. माणसांवरून उडवायचा नाही, असा नियम आहे. पण मी पकडू कुणाला? सायकल चोरली तर सायकलवाला दिसतो. इथे सायकल आकाशात आणि सायकलवाला कुठल्या गच्चीवर, ते देवाला ठाऊक. त्यावर नंबर नाही, नाव नाही. तुम्ही एक खाली पाडून आणा, मग बघू."

"पाडला तर तो माणसांवर पडेल," भावोजी म्हणाले.

"तेही खरंच," हवालदार म्हणाला.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी हवा स्वच्छ होती. शटरिंगच्या लोखंडी प्लेटांचा गठ्ठा वर चालला होता. भावोजी स्लॅबवर उभे होते. थोडं पलीकडे, स्लॅबच्या काठाशी, साइटवरचे म्हातारे सुतार टेकू ठोकत होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांची पाठ बाहेरच्या बाजूला होती. ड्रोन बाहेरून आला आणि आबांच्या डोक्यामागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, घोंघावत थांबला. आबांना पंपाच्या आवाजात तो ऐकू आला नाही. ते मान खाली घालून मागे मागे सरकत होते. मागे ड्रोनची पाती होती, आणि पात्यांच्या मागे काहीच नव्हतं.

भावोजी ओरडले, "आबा." आबांनी मान वर केली आणि भलतीकडेच बघितलं. आणि तेव्हा, इतकी वर्षं ज्या माणसाने घरातला चष्मासुद्धा बोटाने दाखवला नव्हता, त्याने हात खांद्यापासून सरळ केला आणि बोट दाखवलं. तिकडे बघा. कुणीही दाखवलं असतं तसं. त्या क्षणी तो हात सिग्नलमनचा राहिला नव्हता. आपल्या माणसाला वाचवू बघणाऱ्या कुणाचाही तो हात होता.

वर घारीने हात बघितला, आणि ओझं फिरवलं. त्या बोटाच्या दिशेला, म्हणजे आबांच्या दिशेला.

भावोजींना चूक तत्काळ कळली. त्यांनी दोन्ही हात पसरून तातडीचं थांब केलं. क्रेन थांबली. पण क्रेन थांबली म्हणून टांगलेलं ओझं थांबत नाही, ते आपल्या झोक्याने पुढे जातं. गठ्ठा टेकूंना लागला, एक टेकू आबांच्या मांडीवर आडवा पडला. ड्रोन वर उठला, जरा वेळ तिथेच थांबला, आणि गच्च्यांच्या मागे निघून गेला.

आबा वाचले. हॉस्पिटलात आम्ही भेटायला गेलो तेव्हा पाय वर टांगलेला होता. आबा म्हणाले, "पाय गेला नाही रे, फक्त नाच गेला. आणि नाच मला येत होता कुठे?" भावोजी त्यांच्या उशाशी बसून राहिले, निघेपर्यंत त्यांचं मनगट धरून.

चौकशी कंपनीने सुरू केली. घारीला वर जायला बंदी झाली. वॉकीटॉकीवर कुणी फिरव म्हटलेलं नव्हतं, आणि क्रेन तर फिरली होती. साइटवरच्या कॅमेऱ्यात भावोजी पाठमोरे दिसत होते. हात बाजूला झालेला दिसत होता, पण पंजा उघडा होता की बोट ताठ होतं, ते दिसत नव्हतं.

सगळं त्यावरच येऊन थांबलं. पंजा की बोट.

साइटचे मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, घरी आले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी चप्पल बाहेर काढली, ताईला नमस्कार केला. मग भावोजींना म्हणाले, "काका, तुम्ही त्या ड्रोनला हाकललंत. माणूस माशी हाकलतो तसं. आणि तिने ते चुकीचं वाचलं. असंच झालं असणार."

"तसं नाही झालं," भावोजी म्हणाले. "मी बोट केलं."

"तुम्ही त्या दिवशी घाबरलेले होतात. सावकाश आठवा. तुम्ही आमचे जुने. तुमच्यावर आलं तर तुम्हाला पुन्हा कुणी ओझ्याखाली उभं करणार नाही. ती काय, ठेकेदाराकडून आलेली. तिला दुसरं काम मिळेल."

"वरचं मिळेल?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "वरचं अवघड आहे," ते म्हणाले.

नगरपालिकेने ड्रोनच्या नियमांसाठी समिती नेमली होती आणि हा अपघात तिच्यापुढे यायचा होता. तिथे दोघांची साक्ष व्हायची होती. तिथे जे निघेल ते कंपनी मान्य करेल, असं साहेब जाताना म्हणाले. "पंजा म्हणा," दारात पुन्हा म्हणाले. "सगळ्यांचं भलं त्यात आहे. ड्रोनविरुद्ध तुमचं म्हणणंही त्याने भक्कम होतं. हाकलावं लागलं म्हणजे त्रास होताच."

ते गेल्यावर भावोजी गॅलरीत जाऊन बसले. हात मांडीवर ठेवलेले, कुणी दुसऱ्याने सांभाळायला देऊन ठेवल्यासारखे. ताई धुतलेले कपडे घडी करत होती. एकच टॉवेल ती परत परत घडी करत होती.

"तुमचं काम जाईल," ती म्हणाली.

"हो."

"या वयात दुसरं शिकणार आहात का?"

"नाही."

"आणि पंजा म्हणालात तर?"

"तर ती पुन्हा वर जाणार नाही. लोक म्हणतील, बाई होती म्हणून झालं. आधीच म्हणतायत. तिच्यानंतर जी कुणी शिडीला हात लावेल तिलाही तेच ऐकवतील." मग म्हणाले, "तिने काय चुकवलं सांग ना. मी दाखवलं, तिने केलं. आमचं तेवढंच ठरलेलं होतं."

ताईने टॉवेल ठेवून दिला. बराच वेळ खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज. मग ती म्हणाली, "निळा सदरा घाला त्या दिवशी. पांढऱ्याची कॉलर गेलीय."

मी त्या दिवसांत बराच विचार केला. हौस कुणाची वाईट नसते. पण हौसेला आपलं टोक कुठे संपतं आणि दुसऱ्याचं डोकं कुठे सुरू होतं, ते कळावं लागतं. जमिनीवर आपण ते सगळं ठरवून घेतलं आहे. कुंपण आहे, फाटक आहे, गाडीला नंबर आहे, कुत्र्याला पट्टा आहे. आकाश तेवढं मोकळं राहिलं, कारण तिथे कालपर्यंत पक्षी आणि विमानं यांच्याशिवाय कुणी जात नव्हतं. आता ज्याच्या हातात रिमोट आहे तो जातो. आपण कुणाच्या डोक्यावरून जातोय आणि त्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय, हे त्याला माहीत नसतं. माहीत करून घ्यायची त्याला गरजही पडत नाही.

समितीची बैठक एका लांबट हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे पाण्याचं पिंप, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, त्यांना ऐकू जरा कमी यायचं म्हणून सगळ्यांनाच मोठ्याने बोलावं लागत होतं. हौसेने ड्रोन उडवणाऱ्यांच्या मंडळातर्फे एक दातांचे डॉक्टर आले होते. बोलणं अगदी गोड. प्रश्न विचारायचे तर असं वाटायचं, आता म्हणतील, जरा आ करा. घार मागच्या रांगेत बसली होती. जमिनीवर ती मला नेहमीपेक्षा लहान दिसली.

भावोजींना पुढे बोलावलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही हाताने काय केलंत?"

"बोट दाखवलं."

"हाकललं नाही?"

"नाही. आबांना दाखवायला बोट केलं. आमच्यात त्याचा अर्थ ओझं तिकडे फिरव असा होतो. तिने फिरवलं. तिचं बरोबर होतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घार उभी राहिली होती.

"काका खरं सांगतायत," ती म्हणाली, "बोटच होतं. पण मीही तो ड्रोन बघितला होता. मला कळायला हवं होतं की ते बोट त्याच्यासाठी आहे. मी एक श्वास थांबले असते तरी चाललं असतं. माझंही चुकलं."

भावोजी वळले. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "तू थांबायचं नसतं," ते म्हणाले. "तू हात बघायचा असतो. उद्यापासून मनात विचारायला लागलीस की काकांना नक्की काय म्हणायचंय, तर रोज एक आबा पडेल. खाली बस."

"मी नाही बसणार. दरवेळी तुम्हीच का?"

"कारण हात माझा होता."

"आणि लिव्हर माझ्या हातात होतं."

"दोघांनी एकदम बोलू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या, "मला एकाचंही कळत नाही."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. मला मात्र तेव्हा कळलं की त्या खोलीत चुकीला दोन मालक होते आणि ड्रोनला एकही नव्हता. दोन माणसं चूक आपल्या अंगावर ओढून घेत होती, आणि ज्याच्यामुळे ती झाली तो कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी कपाटावर, चार्जिंगला लावलेला असेल. त्याच्यावर नंबर असता तर निदान तिसरी खुर्ची मांडता आली असती.

डॉक्टर उठले. मंडळाच्या सभासदांपैकी कुणाचा तो ड्रोन नव्हता, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता त्यांनी विचारलं, "काका, त्याने कुणाला स्पर्श केला का?"

"नाही."

"क्रेनला? दोरीला? ओझ्याला?"

"नाही."

"म्हणजे त्याने प्रत्यक्ष काही केलं नाही."

"धडकला असता तर तुम्हाला दिसलं असतं," भावोजी म्हणाले. "तो फक्त आला. आमच्याकडे ओझं वर असताना कुणी कुणाला हाकसुद्धा मारत नाही. शिंक आली तरी माणूस आधी ओझं टेकवू देतो. तिथे तो आला, आणि माझी नजर उचलून घेऊन गेला. नजर गेली की हात जातो."

"पण मग बंदी कशावर घालायची? नजरेवर?" डॉक्टरांनी अगदी मनापासून विचारलं.

भावोजी उत्तर शोधत नव्हते, ते थोडक्यात कसं बसवावं हे बघत होते. "बंदी घालू नका," ते म्हणाले. "नंबर लावा. बाहेरून वाचता येईल असा. आणि जिथे ओझं टांगलेलं असतं, जिथे माणसं उंचावर उभी असतात, तिथलं आकाश कामाच्या वेळेला त्या कामाचं असू द्या. ज्याला उडवायचंय त्याने आधी खाली येऊन विचारावं. मी म्हटलं असतं, जेवणाच्या सुट्टीत या. तेव्हा सगळं टेकवलेलं असतं." मग जरा लाजल्यासारखे होऊन म्हणाले, "मीही बघितलं असतं. मला ते वरून बघायला आवडतं."

अध्यक्षबाईंनी हे दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा भावोजींनी शेवटचं वाक्य गाळलं. त्याची बाईंनी त्यांना आठवण करून दिली.

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही हे जे बोललात ते तुमच्या कंपनीकडे जाणार. त्याने तुमचं काय होईल, तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे."

साहेबांना विचारलं, तेव्हा ते उभे राहून म्हणाले की खूण स्पष्ट होती हे मान्य झालं असेल तर क्रेनवालीविरुद्ध काही राहत नाही. ती कामावर परत येईल. वरच्याच. सिग्नलमनबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. ड्रोनच्या मालकाचा शोध चालू राहील आणि नंबरांचा आणि परवानगीचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी नम्रपणे नोंदवलं की साक्षीवरून हा अपघात खुणेच्या चुकीने झाला असं दिसतं, तेव्हा एका प्रसंगावरून सगळ्या हौशी लोकांना बांधून घालण्याची घाई नसावी. बाईंनी तेही ऐकून घेतलं. बैठक संपली.

लोक उठले. खुर्च्या एकात एक जायला लागल्या. घार मागेच बसून होती, ओढणीत तोंड लपवलेलं, आणि ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. इतकी वर्षं जिच्या नावाने तिने थट्टेतलं भांडण चालवलं होतं, तिचीच ती पाठ.

डॉक्टर गर्दीतून वाट काढत भावोजींकडे आले. त्यांनी भावोजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "काका," ते म्हणाले, "स्वतःचं नुकसान करून खरं बोलणारी माणसं आता राहिली नाहीत. तुम्ही पंजा म्हणाला असतात तर आम्हाला फार जड गेलं असतं. खरंच, आमचं काम सोपं केलंत तुम्ही."

भावोजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग मागच्या रांगेकडे, घारीकडे बघितलं. मग डॉक्टरांच्या हातांतून आपला हात हळूच सोडवून घेतला, निळ्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं, आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत, दार उघडून बाहेर निघून गेले.